हिरवी वाटी, निळी रेघ

"मृत्यू हा अंत नाही! तो केवळ प्रकाशाचा पोशाखबदल आहे!" दंडवाल्या बाबांनी जाहीर केलं आणि पडदे ओढलेल्या खोलीत एक पाऊल पुढं टाकलं. पुढं स्टूल होतं. नडगी चांगलीच शेकली. त्यावर बाबा जे बोलले ते अध्यात्मात बसणारं नव्हतं, पण भक्तांनी मंत्र समजून हात जोडले.

खोली काचवाल्या काकांची. काकांनी उभा जन्म जुनी काचेची भांडी जमवण्यात घालवला. भिंतभर कपाट, आणि जेवायला माणूस एक. काकू गेल्यापासून दारावरची बेल वाजायची ती चुकून. आज मात्र सोफ्यावर, सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर माणसंच माणसं. चपला पार जिन्यापर्यंत.

बाबांनी दंड फिरवला. टोकातून जांभळा उजेड पडला. पेले ढिम्म, तबक ढिम्म. काकूंच्या आवडत्या पिवळसर वाटीवर उजेड येताच ती हिरवीगार पेटली.

"आली! घरधनीण आली!"

"बाबांचा झगा बघा, केवढं तेज!" कुणीतरी पुटपुटलं. झगाही निळसर झळकत होता.

"काका, भाग्यवान आहात हो," शेजारच्या वहिनींनी डोळे टिपले.

काकांना वाटी पेटताच सगळं कळलं होतं. पूर्वी काही काचेत रंगासाठी किंचित युरेनियम घालत, आणि अतिनील उजेडात ती अशीच उजळते. ती ओळखायला जुन्या काचेचे शौकीन तसल्याच उजेडाची बॅटरी बाळगतात. काकांचीही टेबलाच्या खणात पडून होती. पण खरं बोललं की माणसं उठणार, आणि मग उरणार संध्याकाळ, कपाट आणि आपण. त्यापेक्षा बायको वाटीत आहे तर असू दे.

"बाबा, आमच्या ह्यांचं बीपी..." वहिनींनी विचारलं.

"गोळ्या बंद! या वाटीतलं पाणी, सकाळ-संध्याकाळ."

वहिनींनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि बाबांच्या पायाशी ठेवलं.

काका वाटीकडे बघत होते. हिरव्या उजेडात काठापासून तळापर्यंत एक बारीक निळसर रेघ दिसत होती. "बाबा, ही रेघ कसली?"

"आत्म्याची वाट!"

ते चिकटवण होतं, या उजेडातच निळं दिसणारं. वाटी घेताना काकांनी स्वतः तपासली होती, अखंड होती. नंतर कधीतरी काकूंच्या हातून फुटली असणार. दिवसा दिसू नये इतक्या सफाईनं तिनं ती जोडली, आणि शब्द काढला नाही. काकांच्या भांड्यांना हात लावायची घरात चोरीच होती. कुठल्या दुपारी, एकटी बसून जोडली असेल?

तिच्या नावावर हा गृहस्थ लोकांच्या गोळ्या बंद करत होता.

"वहिनी, पाकीट उचला."

"काका, श्रद्धा..."

"आधी उचला." काकांनी खणातून बॅटरी काढली. कपाटातलं अत्तराच्या कुपीचं एक जुनं काचेचं बूच हिरवं पेटलं. "हे मी लग्नाआधी घेतलं. तेव्हापासूनच काकू यात येऊन बसली होती का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि हे तेज." काकांनी खिशातला रुमाल उजेडात धरला. तोही बाबांइतकाच तेजस्वी झाला. "धुण्याची पावडर. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात जे घालतात, ते असं चमकतं. माझा रुमालही सिद्धपुरुष आहे."

"अश्रद्धांच्या घरी ज्योत थांबत नाही!" बाबा गरजले आणि तडक निघाले. स्टूल होतं तिथंच होतं.

"अहो, चमकलं म्हणून लगेच डोकं टेकू नका," काका लोकांना म्हणाले. "तोच उजेड दुसऱ्या वस्तूवर टाकून बघा. उजेड विझवल्यावर आत्मा कुठं जातो, एवढं तरी विचारा. आणि औषध बंद करायचं ते डॉक्टरला विचारून."

काही जण ओशाळले, काही रागावले, निघाले मात्र सगळेच. जिन्यातल्या चपला बघता बघता संपल्या. वहिनी तेवढ्या दारात घुटमळल्या.

"म्हणजे काका, वाटीत काकू नाहीतच?"

"नाहीत." काकांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "तिनं जोडलेली भेग आहे."

वहिनी वळल्या.

"वहिनी," काकांनी मागून हाक मारली, "जाता जाता तेवढं साखरेच्या बरणीचं झाकण उघडून देता? ती गेल्यापासून अडकलंय."