एक अक्षर कमी

शुक्रवारी संध्याकाळी खालच्या खोलीतल्या उज्ज्वलाताई जिना चढून वर आल्या, तेव्हाच हर्षदाला वाटलं की काहीतरी बिनसलंय. ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं, पण लिंबायतच्या त्या चाळीचा जिना त्या कधी कठडा न धरता चढायच्या. आज त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता.

"नवे कॉम्प्युटर आले गं," त्या दारातच म्हणाल्या. "आणि माझ्या हातून चूक झाली."

ताई कतारगामच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये टायपिस्ट होत्या. डॉक्टर रिपोर्ट तोंडी सांगून रेकॉर्ड करायचे, ताई कानाला लावून ते इंग्रजीत टाइप करायच्या. एकोणीस वर्षं त्या एकाच एडिटरमध्ये लिहीत होत्या. साधा, काळ्या पडद्याचा, फक्त अक्षरांचा प्रोग्राम. ना चित्रं, ना बटणं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज त्याच्यातली ओळ न् ओळ नीट बोलायचा. आता सेंटरनं विंडोज काढून टायपिंगच्या मशीनवर लिनक्स आणलं होतं आणि तो जुना प्रोग्राम त्यावर सुरूच होत नव्हता. नव्या प्रोग्राममध्ये खिडकीत खिडकी उघडत होती आणि आवाज मध्येच कुठल्यातरी मेन्यूत जाऊन हरवत होता.

"एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट होता. 'नो फ्रॅक्चर' लिहायचं होतं. 'नो' गेलाच नाही. डॉक्टरांनी सही करताना पाहिलं म्हणून बरं. आमचे मॅनेजर धर्मेंद्रभाई म्हणाले, सोमवारपर्यंत बघा, नाहीतर रिसेप्शनला फोनवर बसा."

"मी बसवून देते तुमचा एडिटर," हर्षदा लगेच म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच खात्री वाटेना. पर्वत पाटियाजवळच्या एका ऑफिसात ती सॉफ्टवेअरचं काम करायची. चार वर्षांतली ही तिची तिसरी नोकरी. घरी अर्धवट सोडलेल्या गोष्टींची कमी नव्हती. पण दहा वर्षांची असताना याच ताईंनी तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधून तिला कीबोर्ड शिकवला होता.

शनिवारी सुट्टी होती. सकाळीच तिनं त्या एडिटरचा सोर्स कोड शोधून उतरवला. तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला होता, पण कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. त्यात एक फाइल फक्त निवडीची होती. एकाखाली एक ऑपरेटिंग सिस्टिमची नावं आणि प्रत्येकापुढे शून्य. आपल्या मशीनवर जी असेल तिच्यापुढे एक लिहायचा, बाकी शून्य ठेवायचे आणि मग कंपाइल करायचं, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करायचा. सरळ काम. फक्त त्या यादीतली निम्मी नावं हर्षदानं आयुष्यात ऐकली नव्हती आणि लिनक्सचं नाव त्यात नव्हतंच.

तिनं त्यातल्या त्यात जवळची वाटली ती जुनी सिस्टिम निवडली. चाळीस चुका आल्या. दोन ठिकाणी एक करून पाहिला, तर शंभर आल्या. ती उठली, गॅलरीत गेली, परत आली, पुन्हा उठली.

"पोर, जेवाले ऊठ ना," आई, मंगलाबाई, आतून ओरडली. "तुना चहा बी थंडा व्हयी गया."

"आले, आले," म्हणत ती तिसऱ्यांदा तीच ओळ वाचत होती.

खाली आणखी काही निवडी होत्या. रंग हवेत का, घड्याळ हवं का. एका ओळीत लिहिलं होतं की पुढची कळ आधीच दाबलेली असेल तर पडद्यावर अक्षरं उमटवायचं थांबवावं, त्यानं वेग वाढतो. वेग वाढतो म्हटल्यावर हर्षदानं तिथे एक टाकला आणि पुढे सरकली. दुपारी चारला काळा पडदा उघडला. ती जागच्या जागी टाळी वाजवून हसली.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली ताईंच्या खोलीत गेली. ताईंनी खुर्ची पुढे ओढली, बोटं कळांवर ठेवली आणि दोन ओळी झपाझप टाइप केल्या. मग बॅकस्पेस दाबलं.

"हे मागचं अक्षर खोडत नाहीये, पुढचं खातंय."

खरंच होतं. त्या जुन्या सिस्टिमवर या कळेचा अर्थ वेगळा होता. हर्षदानं तो बदलला. मग जुना रिपोर्ट उघडला, तर आवाज प्रत्येक ओळीच्या शेवटी "कंट्रोल एम" म्हणायला लागला. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा लिहितं, लिनक्स एकच. ती जास्तीची खूण आवाज इमानानं वाचत होता. तेही तिनं सुधारलं. ताई चूक सांगायच्या, ती बदलायची, पुन्हा कंपाइल करायची, अशी सकाळ सरली.

शेवटी ताईंनी एक अख्खा रिपोर्ट नेहमीच्या वेगानं टाइप केला. हर्षदा त्यांच्या बोटांकडेच बघत होती. 'नॉर्मल' लिहिताना डावी करंगळी 'ए'वर पडली. तिनं ती खाली जाताना पाहिली. पडद्यावर 'ए' उमटला नाही.

आवाजानं तो शब्द काहीतरी विचित्र उच्चारला. ताईंचा चेहरा उतरला. "माझ्याकडून राहिला वाटतं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी ते अक्षर भरलं.

हर्षदानं लॅपटॉप मिटून घेतला. एकदाच झालंय, तिनं स्वतःला सांगितलं. आपलीच नजर चुकली असेल. वर गेल्यावर मात्र ती एका जागी बसू शकली नाही. मोबाइल उचलला, ठेवला. लॅपटॉप उघडला आणि स्वतः पानभर टाइप केलं. एकही अक्षर गळलं नाही. पण ती कुठे ताईंच्या वेगानं टाइप करत होती?

सोमवारी तिनं अर्धा दिवस रजा घेतली आणि दोघी रिक्षानं निघाल्या. सहारा दरवाजाजवळ रिक्षा गर्दीत अडकली. मागून हॉर्न वाजत होते. ताई मांडीवर बोटं एकमेकांवर दाबत बसल्या होत्या.

"मी ठरवलंय हर्षू," त्या म्हणाल्या. "रिसेप्शनलाच बसते."

"का? आता तर चालतोय ना प्रोग्राम!"

"प्रोग्राम चालतोय. बोटं चालत नाहीत. काल सात ओळींत दोन अक्षरं गेली. एक मी तुला कळू न देता भरलं. मला वाटतंय मी कळ दाबली, आणि ती दाबलेलीच नसते. तो 'नो'सुद्धा असाच गेला असेल. उद्या डॉक्टरांचंही लक्ष नसलं तर?"

"ताई, तुम्ही दाबली होती."

"काय?"

"'ए'ची कळ. मी बघत होते. तुमचं बोट पडलं होतं. अक्षर प्रोग्राममध्येच गळलं."

रिक्षा हलली, चार हात जाऊन पुन्हा थांबली.

"तू पाहिलंस," ताई म्हणाल्या.

"हो."

"आणि मी अख्खी रात्र बोटं मोजत पडले होते."

"मला वाटलं, एकदाच झालं असेल... मला ते संपवायचं होतं, ताई." ताईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सेंटरवर धर्मेंद्रभाई वाटच बघत होते. "चालो उज्ज्वलाबेन, अकरा वाजता पेशंटची लाइन लागेल. चालतं की नाही?"

हर्षदानं ताईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्ता नाही चालत. माझी चूक आहे. मला थोडा वेळ द्या."

त्यांनी घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण आतली खुर्ची दाखवली. हर्षदानं लॅपटॉपवर निवडीची फाइल उघडली आणि या खेपेला वरपासून एकेक ओळ वाचत आली. वेगाच्या त्या ओळीपाशी ती थांबली आणि तिथून मूळ कोडमध्ये गेली. पुढची कळ दाबली आहे का हे बघायला प्रोग्राम ती कळ वाचून बाजूला ठेवत होता. नेमकी तेवढ्यात आणखी एक कळ आली, तर बाजूला ठेवलेली पुसली जात होती. सावकाश टाइप करणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

तिनं तिथल्या एकाचा शून्य केला, पुन्हा कंपाइल केलं आणि प्रोग्राम ताईंच्या मशीनवर टाकला.

"ताई, बसा. जमेल तितक्या वेगानं."

ताई बसल्या. त्यांनी हेडफोन लावले, साचलेल्या ढिगातलं एक रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टाइप करायला लागल्या. दोन रिपोर्ट झाले, तीन झाले. मग त्यांनी आवाजाला सगळं अक्षर-अक्षर करून वाचायला लावलं. त्यात वीस मिनिटं गेली. हर्षदा नखं कुरतडत उभी होती. बाहेर पेशंटची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

ताईंनी हेडफोन काढले. "अक्षर न् अक्षर आहे," त्या म्हणाल्या. मग उजवा हात डाव्या हातावरून एकदा फिरवला, थकलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मस्त!" धर्मेंद्रभाई म्हणाले. "हर्षदाबेन, रिसेप्शनच्या मशीनवर विंडोजच छे, पण नवं, जुना प्रोग्राम त्यावर उघडत नाही. तिथेपण टाकून द्या ना. हेच रिपोर्ट तिथून प्रिंट होतात."

हर्षदाला अर्ध्या दिवसाची रजा संपत आल्याचं आठवलं. पाच मिनिटांत टाकून निघता आलं असतं. "त्याच्यासाठी वेगळा कंपाइल करावा लागेल," ती म्हणाली. "आणि ताईंनी तपासल्याशिवाय मी देणार नाही."

ती निघाली तेव्हा ताई तिला दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांच्या आवाजात अजून थोडा तुटकपणा होता.

"रविवारी सकाळी ये. विंडोजचं बघू."

"येते."

"आणि काही दिसलं तर तिथल्या तिथे सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही, आणि तुला कंटाळा आला म्हणून तर नाहीच."

"सांगेन," हर्षदा म्हणाली.

ताईंनी तिचा दंड एकदा दाबला आणि त्या आत वळल्या. पुढचं रेकॉर्डिंग त्यांची वाट बघत होतं.