पिंपाचं झाकण

"टाळ्या वाजवू नका, नुसतं बघत राहा," दादाने पाहुण्यांना बजावलं आणि पिंपाचं पत्र्याचं झाकण दांडक्याने धाडकन वाजवलं.

शेळ्या चरत राहिल्या.

कुंपणापलीकडे छोटी मनात म्हणाली, वाजव, अजून वाजव. पन्नाशी उलटली तरी घरात ती छोटीच होती. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहून त्याच्या शेळ्या सांभाळत होती. त्या दचकल्या की ताठ होऊन पडत, लोक पोट धरून हसत. बेशुद्ध पडतात, असं दादा सांगे. पण जनावरांच्या डॉक्टरांनी छोटीला वेगळंच सांगितलं होतं. दचकून आखडलेलं अंग लवकर सैल होत नाही, एवढंच. शेळी पडल्यापडल्या सगळं बघत असते, ऐकत असते.

मागे तांबडी शेळी गाभण असताना अशीच पायरीवर आदळली. पिल्लू मेलेलं निघालं. "होईल की दुसरं," दादा म्हणाला. फार वर्षांपूर्वी छोटीचं मूल पोटातच गेलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

आजचे पाहुणे शाळेच्या सहली इथे आणायच्या का, ते ठरवायला आले होते.

"ऐकू येतं ना हो यांना?" एका बाईंनी विचारलं.

"आता तुम्हीच पडून दाखवा," दुसरे म्हणाले. हशा पिकला. दादाचे कान लाल झाले. तो वाजवत सुटला. झाकणाला पोचे पडले, तोवर पाहुणे गाडीत बसलेही.

"काय केलंस तू?" दादाने विचारलं.

"मी? मी गोठा झाडला."

एकदा आखडून उठलेली शेळी थोडा वेळ पुन्हा आखडत नाही. खेळ संपल्यावर दादा तिथे कधी थांबलाच नव्हता, त्याला कुठून कळणार? तो पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेला, तेवढ्यात छोटीने खाली गवत पसरून तेच झाकण वाजवलं होतं. सगळ्या पडल्या होत्या. तांबडीसुद्धा, उघड्या डोळ्यांनी.

संध्याकाळी दादा न जेवता झोपला. छोटी पोटभर जेवली आणि भरड्याचं घमेलं घेऊन गोठ्यात गेली. बाकीच्या शेळ्या धावत आल्या. रोज सगळ्यांच्या आधी घमेल्यात तोंड घालणारी तांबडी मात्र मागे सरकली. पडू नये म्हणून भिंतीला अंग टेकून, चारी पाय फाकवून उभी राहिली. आजवर ती अशी फक्त दादाला बघून उभी राहायची.

छोटीने घमेलं खाली ठेवलं. दोन्ही रिकामे हात तांबडीला दिसतील असे मांडीवर ठेवून ती लांब, दाराशी जाऊन बसली.