पहिल्या पानावरचं नाव

१९५७च्या निवडणुकीला तीन आठवडे होते. अमरावती जिल्ह्यातले आमदार खुशालराव यांनी आपल्या ‘पूर्णातीर’ साप्ताहिकात पहिल्या पानावर एक बातमी घेतली. अचलपूरकडच्या एका गावात नव्याने बौद्ध झालेल्या घरांना विहिरीचं पाणी बंद केलं होतं. बंद करणाऱ्यांत पहिलं नाव देवराव पाटलांचं. ते खुशालरावांचे सख्खे मेव्हणे, त्यांच्या बायकोचे, रुख्मिणीबाईंचे भाऊ. त्या भागातली खुशालरावांची मतं देवरावांच्याच शब्दावर पडायची.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता कंपोझिटर नत्थुजी थांबले. “मालक, नाव घालू काय? नुसतं गाव लेहलं तरी भागते.”

“घाला. दुसऱ्याचं नाव असतं तर इचारलं असतं काय तुमी?”

अंक निघाला त्या दुपारी रुख्मिणीबाईंनी नवऱ्याला वाढलं, पण त्या समोर बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माहेरी गेल्या.

निवडणुकीत खुशालराव पडले. निकालाची बातमी त्यांनी स्वतःच लिहिली, चार ओळींत. बैठकीत रोज वीस-पंचवीस माणसं असायची. आता सतरंजी घडी करून ठेवलेलीच राही. निदान त्या गावचं कोणी भेटायला येईल, असं त्यांना वाटत होतं. कोणी आलं नाही. शेवटी वैशाखात ते मोटारीने स्वतःच गेले.

वस्तीत लोकांनी आपल्या हातांनी नवी विहीर खणली होती. बुधाजी नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना बाजेवर बसवलं.

“तुमच्या पाण्याची बातमी मीच छापली होती,” खुशालराव म्हणाले.

“कोन्त्या पेपरात जी? आमच्या इकडे पेपर नाई येत.” बुधाजीने त्यांना निरखून पाहिलं. “तुमी देवराव पाटलाच्या बहिनीचे मालक ना? म्हंजे गावचे जवाई! घ्या, पानी घ्या.”

खुशालराव पाणी प्याले आणि पाटलांच्या घरी गेले. रुख्मिणीबाई दारात आल्या.

“चालतं काय घरी?” खुशालरावांनी विचारलं.

“चुकीचं छापलं असं लेहा. मंग येतो.”

“खरं होतं ते.”

“मले ठाऊक हाये. पन भाऊ हाये तो माहा.” त्या दारातून बाजूला झाल्या. “जेवून जा.”

ते जेवले नाहीत. संध्याकाळच्या मोटारीने परत आले.

‘पूर्णातीर’ आणखी सहा वर्षं निघालं. दर आठवड्याला एका अंकावर खुशालराव स्वतःच्या हाताने बायकोचा पत्ता लिहीत. अंक कधी परत आला नाही. पत्रही आलं नाही.