घोड्याचं नाक मोजत नाहीत

कपाशीच्या दोन ओळींत चार फूट, झाडाला झाड दीड फूट.

शिशाचा घोडा मेहकरच्या मे महिन्यातही वितळत नाही. आम्ही पाहिलं आहे.

यंदा लोकांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली.

टेकडी करायची असेल तर नॉन-बीटी सरकीची न फोडलेली पाकिटं चादरीखाली सरकवावीत. बीटीच्या थैलीसोबत ती मिळतात, शेताच्या कडेने लावायला. गिऱ्हाईक ती माझ्याच काउंटरवर विसरून जातं.

चार वर्षांत मी एकही डाव जिंकलेलो नाही.

आता हे सगळं एका टेबलावर आणतो. टेबल नौमानचं. नौमान कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर असायचा, मी शालिग्राम, बियाणं विकतो. दर रविवारी आम्ही शिशाच्या सैनिकांची लढाई खेळतो. कुणी किती इंच चालला, कुणाची गोळी कुठवर पोचली, सगळं टेपने मोजून. टेप त्याच्या बायकोचा, सायराभाभीचा, शिलाईचा. गावात आम्हाला कुणी विचारत नाही, त्याचं कारण उघड आहे.

हा शेवटचा रविवार. बोंडअळीने कपाशी खाल्ली, जिनिंग जानेवारीतच बंद पडली, आणि नौमान उद्या औरंगाबादला चालला, साडूच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. दोन्ही फौजा त्याच्या, त्याही चालल्या. म्हणजे आज जिंकलो नाही तर कधीच नाही. हे मी कुणाला बोललो नाही. चाळिशीच्या माणसाने बोलावं असं ते नाही.

माझी तोफ. टेकडीशेजारी त्याचा सेनापती; सेनापती पडला की डाव संपला. तोफेचा पल्ला बारा इंच. नौमानने टेप लावला.

"साडेबारा. नाही पोचत, शालिकभाऊ."

मी खिशातून झेरॉक्स काढली. नियमांचं इंग्रजी पुस्तक त्याचंच, पण आदल्या दिवशी मी त्यातलं एक पान वाचलं होतं. माझ्या फायद्याचं तेवढंच. खताच्या कंपनीच्या पेनाने खाली रेघही मारली होती.

"सैनिकाच्या बैठकीच्या कडेपासून कडेपर्यंत मोजाचं. असं लिवलं हाय."

आमचे सैनिक औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवलेले असतात. झाकण इंचभर रुंद. आम्ही मात्र पहिल्या दिवसापासून सैनिकाच्या पायापासून सैनिकाच्या पायापर्यंत मोजत आलो. कपाशीची दोन झाडं बुडापासून बुडापर्यंतच मोजतात. दुसरं काही असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

"मंग चार वर्सं काऊन नाही सांगतलं बे?"

"चार वर्सं वाचलं नोतं."

"म्हंजे आधीचे सारे डाव गलत?"

"ते राहू दे."

"हाव, तुले काय फरक पडते? तू तर सारेच हारेल हायेस."

सायराभाभी पेटी बांधत होत्या. "दोघाईचं मिळून ऐंशी वर्साचं वय, अन् भांडन झाकनावर! टेप द्या मले, भरून ठेवतो."

"एक मिनिट, भाभी. न्यायाचा सवाल हाय."

"न्याय?" त्या म्हणाल्या. "कोर्ट पोस्टाच्या बाजूनं हाय, तिकडं जा."

नौमानने झाकणाच्या कडेपासून मोजलं. साडेअकरा. पोचली. मी फासा उचलला. तीन किंवा वर पडायला हवे होते. कोपरापर्यंत बाही सरसावून, फुंकर मारून, डोळे मिटून टाकला.

दोन.

मग त्याची पाळी. त्याने टेप आपल्या घोड्याकडून माझ्या सेनापतीकडे नेला. पायापासून पायापर्यंत पावणेसात. घोड्याची मजल सहा. मी सुटकेचा श्वास सोडत होतो, तेवढ्यात त्याने टेप झाकणाच्या कडेला सरकवला. पावणेसहा.

"घोड्याचं नाक धरू नको," मी म्हणालो.

"नाक नाही धरलं. झाकन धरलं. तुह्याच कायद्यानं मेला तू, वकीलसाहेब."

पण त्याने माझा सेनापती उचलला नाही. घोडा त्याच्या हातातच होता.

"नाहीतर आपलं जुनंच राहू दे," तो म्हणाला. "पायापासून. तुही तोफ पोचली नाही, माहा घोडा पोचला नाही. डाव अधुरा. मी येईन तवा पुढचा."

झेरॉक्स माझ्या हातात होती. रेघ मारलेली. नियम कसा सर्वांना सारखा असतो यावर मी सकाळी आंघोळ करताना एक भाषण तयार केलं होतं, तेही तोंडाशी होतं. जिंकायचं राहिलं होतंच. हरायचं तेवढं पुढे ढकलता येत होतं.

"पायापासूनच मोज," मी म्हणालो.

त्याने घोडा जागेवर ठेवला. भाभींनी त्याच्या हातातून टेप घेतला आणि गुंडाळला.

पहिल्या दिवशी घोड्याची मजल नौमानने मला सहा इंच सांगितली होती. पुस्तकात, माझ्या झेरॉक्सच्याच पानावर, आठ आहे. म्हणजे पायापासूनही तो पोचत होता.