आल्त्येने रेखाटलेला किनारा

मित्रांनो, मी समुद्राचा नकाशा. माझे वय आता चारशेच्या घरात आहे. एंकहाउझेन बंदरात आल्त्ये नावाच्या बाईने मला वासराच्या कातड्यावर रेखाटले. तिचा भाऊ योस्त खलाशी होता. दोरीला शिसे बांधून तो पाण्याची खोली मोजायचा आणि आल्त्ये ते आकडे माझ्यावर उतरवायची. किनाऱ्यालगत तिने एक सोनेरी दिशाचक्र रंगवले.

कप्तान हार्मेनने मला घेतले. धान्य आणायला तो उत्तरेकडच्या बंदरांत जायचा. योस्तही त्याच्याच गलबतावर होता. माझ्या भरवशावर त्यांनी दाट धुक्यातून वाट काढली. बंदरोबंदरी हार्मेन मला उलगडून मिरवायचा, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडायचे.

एका हिवाळ्यात मोठे वादळ झाले. खाडीच्या तोंडाशी असलेली वाळू सरकली. कोळ्यांकडून हे कळताच आल्त्ये चाकू आणि शाई घेऊन धक्क्यावर, निघायच्या तयारीत असलेल्या हार्मेनकडे धावली.

"काका, नकाशा द्या. वाळू सरकलीय. जुनी खूण खरवडून नवी काढते."

"खरवडतेस? अगं, दिशाचक्राला लागून आहे ती जागा. सोनं जाईल की सगळं!"

"जाऊ दे गेलं तर! माझा भाऊ आहे तुमच्या गलबतावर."

"आजवर कधी चुकलाय का हा? जा, घरी जाऊन मासे खारव."

योस्त गलबतावरून हसत ओरडला, "ताई, किती घोर लावून घेशील? येतो गं!"

त्याच फेरीत गलबत वाळूत रुतले आणि लाटांनी फुटले. हार्मेन मला छातीशी धरून होडीत उतरला. होडी भरली होती. योस्त मागेच राहिला.

चौकशीत हार्मेन म्हणाला, "नकाशाच खोटा. बाईच्या हातचा, दुसरं काय होणार!"

"मी आले होते की चाकू घेऊन! तुम्हीच हाकललंत मला," आल्त्ये ओरडली. पण तिच्या बाजूने बोलणारा भाऊ समुद्राच्या तळाशी होता. त्यानंतर तिला कोणीही काम दिले नाही. खरे काय ते मी जाणत होतो, पण मला तोंड नव्हते.

पुढे हार्मेनने मला पुस्तके बांधणाऱ्याकडे टाकले; असली जुनी कातडी कापून तो पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना लावायचा. एकदा आल्त्ये तिथे आली. फळीवर माझे कापलेले तुकडे पडले होते. तिने ओळखले, क्षणभर पाहिले आणि हातही न लावता निघून गेली. त्यातलाच एक तुकडा एका जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आजवर टिकला, तोच मी.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे मी सांगायला हवे. पण माझ्या तोंडी ते शब्द येत नाहीत. ज्याच्या भरवशावर माणसे समुद्रात जातात, ते नुसते जपून ठेवू नका. कोणी चाकू घेऊन धावत आली, तर नकाशा तिच्या हातात द्या.