नातेवाइकांना आकडा सांगत नसतात

जावयाला सासऱ्यांची गाडी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावर त्याचा जीव जडला होता. सासऱ्यांनी ती एकोणतीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी जावयाला स्टिअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. आता मात्र सासऱ्यांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती, दुसऱ्याला मुळातच बेताचं दिसे, आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं होतं. गाडी जावयाला द्यायची की समोरच्या न्हाव्याला, एवढाच प्रश्न उरला होता.

"घाट चढून आम्हाला तुमच्या घरी न्या," सासरे म्हणाले. "भर उन्हात. इंजिनाचं पाणी उकळलं नाही तर गाडी तुमची. उकळलं तर न्हाव्याची."

गाडीचा मूळ काटा कधीच मेला होता. सासऱ्यांनी पाण्याचं तापमान दाखवणारा आकड्यांचा मीटर बसवून घेतला होता, पण वायर पडली आखूड, म्हणून तो शेजारच्या सीटच्या गुडघ्यापाशी लागला. त्या सीटवर बसल्या सासूबाई. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या. तापमान बघायला याहून लायक माणूस कुठे मिळणार, असं जावयाला वाटलं. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

घाटाच्या पायथ्याशी त्याने इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि तो नळावर बाटल्या भरायला गेला. सासरे मागे घोरत होते. सासूबाईंनी मीटर पाहिला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. चौऱ्याऐंशी! वॉर्डात असतं तर त्यांनी चादर तोंडावर ओढली असती. इंजिनाला चौऱ्याऐंशी म्हणजे उत्तम तब्येत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल, मग पेशंट कुणी का असेना. दवाखान्यातल्या एसीसाठी आणलेली लोकरीची शाल त्यांनी खाली उतरून रेडिएटरपुढच्या फटीत, बाळाला गुंडाळावं तशी नीट खोचली. जावयाने घाईघाईत न बघताच बॉनेट आपटलं. बघायला हवं होतं, पण गाडी मिळणार या आनंदात माणूस आंधळाच होतो.

तिसऱ्या वळणावर त्याने विचारलं, "आई, किती झालं?"

"आता छान आहे. नॉर्मल."

"हो, पण आकडा किती?"

"नातेवाइकांना आकडा सांगत नसतात, जावईबापू. उगाच धीर सुटतो."

सातव्या वळणापर्यंत सासूबाईंनी रुमाल ओला करून मीटरवर ठेवला होता. जावयाची नजर रस्त्यावर. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ट्रक. त्याने पुन्हा विचारलं.

"अगदी ठीक आहे हं," सासूबाई म्हणाल्या. "काही काळजी करायची नाही. तुम्ही जेवलात ना नीट?"

मागचं घोरणं बंद झालं. सासरे ताडकन उठून बसले.

"गाडी थांबवा. हिचा आवाज गोड झालाय."

"म्हणजे?"

"पेशंट हातचा जायला लागला की हिचा आवाज असा होतो. थांबवा आधी."

जावयाने गाडी कडेला घेतली आणि बॉनेटमधून भसाभस वाफ आली. गेली गाडी, गेली न्हाव्याकडे.

तासाभराने सगळं निवल्यावर त्याने बॉनेट उघडलं. शाल शिजून निघाली होती. सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. या बाईने आठ वर्षांत त्याला एकदाही वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"काय निघालं?" सासऱ्यांनी लांबूनच विचारलं.

"शाल," जावई म्हणाला. "मीच घातली होती."

"का?"

"गाडीला थंडी वाजू नये म्हणून."

पायाखालचं डांबर चपलेला चिकटत होतं. सासरे म्हणाले, "न्हाव्याला फोन लावा."

"एकशे सोळा होतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"अहो, एकशे सोळा. आणि शाल मी घातली. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं." त्यांचा आवाज अजिबात गोड नव्हता.

चौतीस वर्षांत कुठल्याही नातेवाइकाला, अगदी नवऱ्यालाही, सिस्टरबाईंनी आकडा सांगितला नव्हता. सासऱ्यांचा चष्मा धूसर झाला. त्यांनी तो वाफेच्या नावावर पुसला.

"जावईबापू, न्हाव्याचं राहू दे," ते म्हणाले. "त्याने पहिल्या मिनिटाला हिचं नाव सांगितलं असतं. गाडी काय, कुणीही सांभाळेल. मला आता फारसं दिसणार नाही. हिला सांभाळून घेणारं कुणीतरी हवं होतं."

जावयाचे डोळे भरून आले होते आणि हातात ओली शाल होती.

"पाणी घाला आणि निघा," सासरे म्हणाले. "पण यापुढे आकडा तुमचा तुम्हीच वाचा."

उरलेला घाट जावयाने मान वाकडी करून पार केला. ती पुढे तीन दिवस सरळ झाली नाही.