शंभरावा अर्ज

एकोणीसशे एकाहत्तर साली, अभिलेखागाराच्या मागच्या खोलीत, ताईंनी पूरग्रस्तांच्या अर्जांचा शेवटचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुराचे ते अर्ज. सगळे एकाच साच्यातले, म्हणून दर शंभरातला एक जपायचा आणि बाकीचे लगद्याला धाडायचे, असा नियम होता. तोही ताईंनीच भांडून मंजूर करून घेतलेला. त्याआधी सगळंच रद्दीत जायचं.

मोजता मोजता त्यांचं बोट थांबलं. नव्व्याण्णवावा अर्ज त्यांच्या आईचा होता. खाली अंगठा. बाजूला कारकुनाचा शेरा : ‘एकटी. पांघरूण एक.’

एकटी कशी? ताई तेव्हा तान्ह्या होत्या.

“ठेवा की तोच,” ताईंनी अर्ज दाखवल्यावर समोर पुठ्ठे बांधत बसलेला म्हातारा बांधणीकार म्हणाला. “मोजताना माणूस चुकतोच.”

“तुमच्या बायकोचा असता तर?”

“तिच्या धाकानं दोन्ही ठेवले असते!”

ताई हसल्या. पण आवडीनं वेचून ठेवलं तर ते सरकारी दप्तर राहत नाही, आपलं घरचं कपाट होतं, हे नवशिक्यांना घोकवणाऱ्या त्याच. अंगठ्यावरून एकदा हात फिरवून त्यांनी तो अर्ज टोपलीत ठेवला. शंभरावा निघाला तो कुणा परक्या बाईचा. शेरा : ‘कडेवर तान्हं मूल. पांघरुणं दोन.’

संध्याकाळी आई डाळ निवडत होती.

“तुझा पुराचा अर्ज सापडला होता. लगद्याला टाकला.”

आईचा हात थांबला. “टाकलास ना, बरं केलंस. माझा अंगठा म्हणजे काय राजाची मोहोर?” सुपातले दोन खडे तिनं बाजूला काढले. “मग ठेवलास कुणाचा?”

“रांगेत तुझ्या मागं असलेल्या बाईचा. मूल होतं तिच्या कडेवर.”

“तिला कुठलं मूल! अगं, ती तू. कागद वाऱ्यानं उडत होता. एका हातानं तो धरायचा, दुसऱ्यानं अंगठा द्यायचा, म्हणून तुला तिच्याकडे दिलं. तिची पाळी आली तरी तू तिच्याच कडेवर. कारकुनाला काय, दिसलं ते लिहिलं.” आई डाळीकडेच बघत होती. “तिचं ते दुसरं पांघरूण घेऊन धावत आली बिचारी माझ्या मागं. त्यातच वाढलीस तू.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी शंभराव्या अर्जावरच्या शेऱ्याशेजारी पेन्सिल टेकवली, आणि उचलून घेतली. कागदावर आपलं काही लिहायचं नाही, हाही नियम त्यांचाच.

“टोपली अजून गेली नाही हं,” बांधणीकार खाली बघतच म्हणाला.

“जाऊ दे,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी रुमालाची गाठ मारली.

आई पुढच्याच वर्षी गेली. बांधणीकार निवृत्त होऊन बायकोच्या धाकात सुखानं राहिला. त्या बाईचा शोध ताईंनी पुष्कळ घेतला, पण ती सापडली नाही. तिचा अर्ज मात्र जागेवर आहे. शेऱ्यातलं तान्हं मूल आता काठी टेकत येतं, वाचकांच्या खोलीत चिठ्ठी भरतं, आणि तो मागवून घेतं.